पाचव्या गियरमधली हाक

पैलवानाची गाडी आणायला चष्म्या गेला तो भर दुपारी, जेवून, हात पुसत पुसत. काम तसं साधंच होतं. व्यवहार आधीच झाला होता. किल्ली घ्यायची आणि गाडी दोन गल्ल्यांपलीकडे आपल्या घरी आणून लावायची, बस.

चष्म्या म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा. त्याला दुसरं काय नाव पडणार? सहा दिवस मान खाली घालून काचा घासायच्या आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या टोळीबरोबर मोटरसायकली पिटाळायच्या, एवढंच त्याचं आयुष्य. पैलवान त्याच टोळीतला. अंगाने दांडगा, आणि आवाज असा ढोलासारखा की हेल्मेटच्या आतून बोलला तरी रस्त्यापलीकडच्याने वळून बघावं. महिन्यापूर्वी तो गेला. कसा गेला ते ऐका, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

त्याची गाडी दिसायला जुन्या जमान्यातली. गोल दिवा, पोटाशी फुगलेली टाकी, मागे लांबलचक चकचकीत सायलेन्सर. बघणाऱ्याला वाटावं कुणाच्या तरी आजोबांनी जपून ठेवली आहे. पण पोटात सगळा नवा कारभार, सेन्सर आणि कॉम्प्युटर. अशी गाडी इंजिनाला एका मर्यादेपलीकडे फिरूच देत नाही. तिथे लिमिटर बसलेला असतो. इंजिन फार भणाणलं की तो क्षणभर पेट्रोल तोडतो, परत सोडतो, परत तोडतो. गाडी फट्-फट्-फट् करत अडखळते. शहाणा माणूस तिथे गियर तरी बदलतो नाहीतर ॲक्सिलरेटरच्या मुठीवरचा हात तरी ढिला करतो. या टोळीची रीत उलटी. कालव्याकाठच्या सरळ रस्त्यावर पाचव्या गियरमध्ये गाडी लिमिटरला टेकवायची, आणि जो जास्त वेळ धरून ठेवील तो खरा गडी. रस्त्याच्या शेवटी पंपघराची भिंत आणि काटकोनातलं वळण. ज्याने आधी सोडलं त्याची आठवडाभर टिंगल. लिमिटर इंजिनाला जपतो, वर बसलेल्याला नाही, एवढी साधी गोष्ट त्या घोड्यांना कोण सांगणार?

पैलवानाने सोडलं नाही. कसं सोडेल? हेल्मेटमधल्या स्पीकरवरून चष्म्याच त्याच्या कानात ओरडत होता, "धर, धर! सोडू नकोस, भित्र्या!" गाडी गवतात घसरली. तिला चार ओरखडे आले. पैलवान भिंतीपाशी सापडला.

चष्म्याला वाईट वाटलं. वाटलं नाही असं नाही. पण वाईट वाटता वाटताच त्याच्या मनात आलं, आता ती गाडी कोण घेणार?

आणि पैलवानाच्या आईनेच निरोप धाडला. तू घे म्हणून.

ती एकटीच राहायची. चष्म्या तिच्याकडे कधी फारसा गेलेला नव्हता. दार उघडलं तेव्हा घरात औषधाचा आणि दमट कपड्यांचा वास होता, खिडक्या बंद. तिने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि वरून आपली बोटं मिटली. बोटं थंडगार होती.

"एकच करशील?"

"बोला ना काकू."

"त्या कालव्याच्या रस्त्यावर जा. तो धरायचा तशीच धर. आणि… काय ऐकू येतं ते मला येऊन सांग."

म्हातारीचं डोकं फिरलंय, चष्म्याला वाटलं. पण गाडी हातात आली होती. तो हो म्हणाला.

घरी गाडी आली तेव्हा धाकटी बहीण धावतच बाहेर आली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची, स्कूटर अशी हाकायची की शेजारीपाजारी तिच्या आईकडे तक्रार घेऊन येत. "दादा, मला कधी देणार?"

"तुझा हात पुरेल का तिथवर? उतरताना खाली स्टूल ठेवावं लागेल."

"देऊन तर बघ! तुझ्यापेक्षा जास्त वेळ धरीन."

"धरून दाखव, मग मानलं," तो हसत म्हणाला. "पुढच्या सुट्टीला घेऊन जा." आतून आईचा आवाज आला, "तिला असलं काही शिकवू नकोस हं, सांगून ठेवते!" दोघंही फिदीफिदी हसली.

त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, चष्म्या कालव्यावर गेला. कालव्यात पाणी नव्हतं, तळाचा चिखल वाळत चालला होता, त्याचा कुबट वास. रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्याने गाडी ताणली. तिसरा, चौथा, पाचवा. हँडल थरथरायला लागलं, वारा छातीवर बसला, आणि लिमिटर लागला. फट्-फट्-फट्…

लिमिटर तोडतो ना, तेव्हा इंजिन क्षणभर गप्प होतं. डोळा मिटून उघडावा इतकंच. त्या गप्प क्षणात काहीतरी होतं.

आ…

त्याने झटकन हात सोडला. गाडी शांत झाली. वारा असेल, तो स्वतःशी म्हणाला. पण गाडी वळवून परत गेला. या माणसाला पहिल्याच वेळी पळून जायची अक्कल असती तर मला ही गोष्ट सांगावीच लागली नसती. दुसऱ्या वेळी त्याने जरा जास्त धरलं.

आ… ई…

एका गप्प क्षणात एक अक्षर. मध्ये इंजिनाची किंकाळी, परत गप्प, परत अक्षर. आवाज बारीक होता, चिरकलेला. पैलवानाचा आवाज ढोलासारखा, हे त्याला आठवलं. मग वाटलं, एवढ्या वाऱ्यात ढोलसुद्धा पिपाणी होईल. घरी जावं असं वाटत होतं, आणि पुढचं ऐकल्याशिवाय जाववत नव्हतं.

तिसऱ्या वेळी त्याने धरून ठेवलं. पंपघराची भिंत मोठी मोठी होत गेली.

आ… ई… सु… टत… ना… ही…

आई, सुटत नाही! चष्म्याने ब्रेकवर अंगच टाकलं. भिंतीच्या अलीकडे गाडी थांबली, टायर जळाल्याचा वास नाकात भरला. तो तिथेच बसून राहिला. तेव्हा पैलवानाला सोडायचं होतं तर. सोडायचं होतं, आणि मूठ सुटत नव्हती.

गाडी त्याने रमतगमत, कडेकडेने घरी नेली. सगळा आठवडा तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. काचा घासताना घासणीचं चाक घरघरलं की दचकायचा. म्हातारीला सांगू की नको, सांगू की नको, असं करत सुट्टीचा दिवस उजाडला आणि सकाळीच उठून तो पायी तिच्याकडे गेला.

ती वाटच बघत होती जणू. खुर्ची पुढे सरकवलेली होती.

"ऐकलंस?"

"ऐकलं, काकू. तो… हाक मारत होता."

"कुणाला?"

"तुम्हालाच की. आई, सुटत नाही… असं म्हणत होता." त्याला रडू फुटेल असं वाटलं. "काकू, माफ करा. त्याला सोडायचं होतं हो."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, जसं दुधावर साय आली का ते बघावं.

"त्याने मला जन्मात कधी आई म्हटलं नाही," ती म्हणाली. "आमचं घर मोठं. दीर, नणंदा, सगळे मला वहिनी म्हणायचे. त्यांचं ऐकून तोही वहिनीच म्हणायला लागला. शेवटपर्यंत वहिनीच."

चष्म्याला आठवलं. वहिनीने डबा दिलाय, वहिनी रागावेल. पैलवान सतत म्हणायचा. टोळीला वाटायचं थोरल्या भावाची बायको असेल, त्यावरून त्याची थट्टाही व्हायची. त्याला भाऊ नव्हताच, पण कुणी कधी विचारलंच नाही.

"मग… मग आई कोण म्हणत होतं?"

"ती गाडी झालेलं बोलत नाही रे. व्हायचंय ते बोलते." तिचा आवाज अगदी हलका, कुणाला झोपवताना असावा तसा. "जायच्या आठवडाभर आधी माझा मुलगा घरी येऊन म्हणाला, वहिनी, गाडीतून कुणीतरी वहिनी, वहिनी म्हणून हाका मारतंय. मी हसले. म्हटलं, कान तपासून घे."

"तुम्हाला माहीत होतं… आणि तरी मला दिलीत?"

"तू त्याच्या कानात काय ओरडत होतास ते पोरांनी सांगितलंय मला. धर, धर." तिने खुर्चीच्या दांड्यावरून हात फिरवला. "मग धर ना आता."

चष्म्या उठला तो खुर्ची पाडूनच. गल्लीतून पळत सुटला. मेलो असतो, मेलो असतो, एवढंच डोक्यात. मग पळता पळताच त्याला हसू आलं. अरे, मेलो असतो. पण आता थोडाच मरणार आहे? मी बसलोच नाही तर? टाकीतलं पेट्रोल गटारात ओततो, वायरी तोडतो, भंगारात घालतो. आपण वाचलो, खरोखर वाचलो. घराच्या कोपऱ्यावर येईपर्यंत त्याला इतकं हलकं वाटायला लागलं होतं की आईला मिठीच मारावी.

अंगणात गाडी नव्हती. जिथे लावली होती तिथे ऑइलचा ठिपका तेवढा होता.

आई आत कपड्यांना इस्त्री करत होती. "आई… गाडी?"

"धाकटी घेऊन गेली. दादाने सुट्टीला ने म्हणून सांगितलंय म्हणाली. मी नको म्हणत होते, पण तुम्ही दोघं माझं ऐकता कधी?" आईने कॉलर उलटी केली. "तुझ्यापेक्षा जास्त वेळ धरणार आहे म्हणे. काय धरणार आहे रे?"

बारीक आवाज. चिरकलेला. चष्म्या खिशात फोन चाचपायला लागला, नंबर लावला. धाकटीचा फोन टेबलावर, इस्त्रीच्या कपड्यांशेजारी वाजायला लागला.

आणि तेव्हाच लांबून, कालव्याच्या बाजूने, आवाज आला. आधी चढत जाणारा. मग फट्-फट्-फट्-फट्.

"सोड," चष्म्या पुटपुटला. "सोड ना… सोड गं…"

आईने मान वर केली. "ओ!" तिने दाराकडे बघून ओ दिली. मग त्याला म्हणाली, "दार उघड, आली बघ."

आवाज सुरूच होता. अडखळत, अडखळत. चष्म्याला त्या रस्त्याचा खडा न् खडा पाठ होता. आता कडुनिंब मागे पडला असेल. आता मोरी. आता भिंत.

फटफट थांबली. एकदम. खिडकीची काच जराशी थरथरली आणि मग काही नाही. आता मध्ये मध्ये किंचाळायला इंजिन नव्हतं. सगळं गप्पच गप्प. चष्म्याने कान देऊन ऐकलं, त्याला काहीएक ऐकू आलं नाही.

आईने इस्त्री उभी करून ठेवली, पदराला हात पुसले आणि चपला शोधायला लागली.

"अगं हो, ऐकलं!" ती रिकाम्या अंगणाकडे बघून म्हणाली. "एवढं ओरडायला काय झालं? सुटत नसेल तर राहू दे तसंच, मी येते सोडवायला."