'नंतर'चं बटण

स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकट आली की 'नंतर' दाबायचं. 'बंद करा' कधीच दाबायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. गावच्या मच्छीमार सोसायटीत कामाला लागले, तेव्हा सोसायटीचे चेअरमन मोरूकाका यांनी मला एवढंच शिकवलं. कॉम्प्युटरची पदवी माझी, बटण ठरवणार काका.

होडी निघाली की नोंद करायची, परतली की 'परतली' लिहून ती बंद करायची. परतली नाही तर ती चौकट उगवते. तुम्ही काहीही टाइप करत असा, त्याच्यावर येऊन बसते.

एक नोंद दोन वर्षं उघडी होती. धर्मेशदादाची, म्हणजे काकांच्या मुलाची. वादळात होडी उलटी सापडली, तो सापडला नाही. काका म्हणाले, नोंद उघडी आहे तोवर पोरगा दर्यावर आहे. म्हणून पिठाचा पुतळा करून क्रियाकर्म झालं नाही. म्हणून त्याची बायको सुषमावहिनी सरावलीला माहेरी गेली नाही. रोज संध्याकाळी तिने त्याचं ताट वाढायचं, सकाळी ते अन्न खाडीत सोडायचं. ती माझ्याच वयाची आहे.

पावसाळी बंदीचे दिवस होते. सगळ्या होड्या किनाऱ्यावर, झावळ्यांखाली. दुपारी ऑफिसात मी डिझेलच्या कोट्याची पत्रं टाइप करत होते. चौकट आली. 'नंतर' दाबलं. पुन्हा आली. मी वैतागून सेटिंगमध्ये गेले आणि सूचना बंद केल्या. चौकट आली. इंटरनेटची वायर काढली. तरी आली. नेहमी टिंग वाजायचं, आता आवाज वेगळा होता. होडीच्या फळीवर बाहेरून कोणी बोटं वाजवावीत तसा. खोलीत ओल्या जाळ्याचा वास दाटला. जाळं तिथे नव्हतंच.

मग वीज गेली. पंखा थांबला, स्क्रीन काळी झाली. चौकट तेवढी उजळ राहिली.

'धर्मेश मोरू. परत आलेला नाही. पुन्हा आठवण करू?'

मी बघत असतानाच अक्षरं बदलली.

'अजून किती वेळ धरून ठेवणार?'

मी धावत जाऊन काकांना घेऊन आले. पाठोपाठ त्यांची बायको पुतळीकाकी आली, तिच्यामागे वहिनी. काकांनी चौकट वाचली आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"नंतर दाब, किंजल."

"काका, वीज नाहीये. हे चालू कसं...?"

"तुला विचारलं का? दाब."

"दोन बुकं शिकली की पोरी अशाच होतात," पुतळीकाकी पुटपुटली. पण तिचा हात स्क्रीनकडे गेला होता. काचेवर आतल्या बाजूने वाफ धरली होती. काकीने ती पदराने पुसली. पुसली गेली नाही.

"थंडी वाजत असेल त्याला..." ती म्हणाली.

मला रडू येत होतं आणि रागही. "दोन वर्षं त्याला दारातच उभा ठेवलाय तुम्ही. त्यालाही, हिलाही. तो विचारतोय ना, मग द्या उत्तर."

"बापाचं काळीज तुला काय कळणार?"

"नाही कळणार. पण मी हे दाबणार नाही. आज नाही, नंतरही नाही."

माऊसवरचा हात काढून मी मांडीवर ठेवला.  माऊसला हात लावायला काका पुढे झाले नाहीत. काकी खाली बसली. 

तेव्हा स्क्रीनवरचा बाण हलला. 'नंतर'वरून सरकत सरकत 'बंद करा'वर आला आणि तिथे थांबला. नांगरलेल्या होडीसारखा थरथरत. दाबत नव्हता. परवानगीसाठी थांबला होता.

आमच्याकडे दर्यावर निघालेल्याला कोणी 'जा' म्हणत नाही, 'या' म्हणतात. वहिनी पुढे आली, वाकली, आणि त्या चौकटीच्या अगदी जवळ तोंड नेऊन हळूच म्हणाली,

"जा तुम्ही."

माऊस टेबलावर एकटा पडला होता. क्लिक झाल्याचं आम्ही चौघांनीही ऐकलं.

 काका-काकींना मी अजून सांगितलेलं नाही, की चौकट मिटताना तिच्यात वहिनीचं नाव उमटलं होतं, आणि पुढे एकच शब्द: 'परतली'.