बरोबरची खूण

मी रक्तपेढीत काम करते. तिथे दोन माणसांनी खूण केल्याशिवाय एकही पिशवी फ्रिजमधून बाहेर जात नाही. मी नंबर वाचते, समोरचा वाचतो, मग दोघं सही करतो. नवरा लिफ्टची तपासणी करतो. त्याच्याकडेही छापील यादी असते: दोर, ब्रेक, दार, घंटा. म्हणजे आमच्या घरात दोन्ही माणसं यादीवाली. अशा माणसांचं भांडण आदळआपटीचं नसतं. आम्ही एकमेकांना मोजून दाखवतो. मंगळवारी डॉक्टरकडे मी नेलं, बुधवारी डबे मी भरले. गेल्या वर्षभरात आमच्यात याशिवाय दुसरं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही.

परदेशातल्या सुट्टीची कल्पना त्याची, नियम माझ्या नणंदेचा. ती फटकळ आहे. दोघांना समोर बसवून म्हणाली, "वहिनी, तुम्ही दोघं नुसती एकमेकांची हजेरी घेता. तिकडे जाताय ना, मग एक करा. कामांची यादी लावा. दिसेल ते करा, खूण करा, विषय संपला. कोणी केलं ते विचारायचं नाही आणि ऐकवायचंही नाही."

नवरा हसला. मी हसले नाही, पण ऐकलं. हेही जमलं नाही तर परत आल्यावर वेगळं राहायचं, एवढं आम्ही ठरवूनच विमानात बसलो होतो. मुलांना ते माहीत नव्हतं. थोरला सात वर्षांचा. सगळ्यांच्या चुका काढतो म्हणून त्याला आम्ही मास्तर म्हणतो. धाकटी चार वर्षांची, ती चिमणी.

घर गावाबाहेर, खडीच्या रस्त्याच्या शेवटी होतं. दगडी भिंती, उतरतं छप्पर, मागे सफरचंदाची सात झाडं, पलीकडे गवत आणि गवताच्या पलीकडे पुन्हा गवतच. सगळ्यात जवळचं घर चालत पाऊण तासावर. किल्ली द्यायला आलेल्या घरमालकिणीला मी विचारलं, कामाला कोणी येतं का? कोणीच येत नाही, ती म्हणाली, इथे तुम्हाला त्रास द्यायला माणूसच नाही. मग ती शहराकडे निघून गेली. तिची गाडी दिसेनाशी झाल्यावरही आवाज बराच वेळ येत राहिला, इतकी तिथे शांतता होती.

पहिल्याच दिवशी मी यादी लिहून फ्रिजवर लावली. मुलांची आंघोळ, नखं, चिमणीची वेणी, चिखलाचे बूट, कपड्यांच्या घड्या, अशा सतरा ओळी. रोज सकाळी तीच यादी नव्या कागदावर. स्वयंपाकघराच्या खणात पेन्सिलीचं थोटूक सापडलं, ते दोरीने शेजारी टांगलं.

पहिला आठवडा जड गेला. बोलायला विषयच उरला नाही. तो सकाळी गवतातून लांब फिरायला जायचा, मी दुपारी सफरचंदांखाली पुस्तक उघडून त्याच पानावर बसायची. आता असंच म्हातारपण, मी मनात म्हणायची, फक्त दोन वेगळ्या घरांत.

दुसऱ्या आठवड्यात मला काही गोष्टी दिसायला लागल्या. मुलांचे बूट धुऊन, आत कागद कोंबून, उन्हात उभे केलेले. मास्तरची नखं कापलेली, आणि तीही गोल. मी सरळ कापते. चिमणीच्या फ्रॉकचा उसवलेला खिसा आतल्या बाजूने टाके घालून शिवलेला. रोज दुपारी चार वाजता, झाडाखालून आत येऊन मी जिथे बसायची त्या खिडकीच्या कट्ट्यावर चहाचा कप असायचा. साखर अर्धा चमचा. अकरा वर्षं मी अर्धा चमचा सांगत होते आणि नवरा अकरा वर्षं दीड घालत होता.

यादीत प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. पेन्सिलीला नेहमी टोक काढलेलं असायचं, तेही चाकूने, लांबट. घरात शार्पनर नव्हता.

मी विचारलं नाही. नियम नियमच. पण खरं सांगते, मी त्या माणसाच्या नव्याने प्रेमात पडले. लग्नाला अकरा वर्षं झालेली बाई कप हातात घेऊन एकटीच हसते, हे बघायला कोणी नव्हतं म्हणून बरं. मग मीही त्याचे पाय चेपून दिले, त्याच्या विनोदांना हसले. त्याचाही चेहरा निवळला होता. जाता-येता माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागला. इतकं छान चाललं होतं की तीन आठवड्यांची सुट्टी आम्ही दोन आठवड्यांनी वाढवली. तिकिटं बदलली तेव्हा मास्तर म्हणाला, "बरं झालं. अजून माझे कपडे आवरून व्हायचे होते." मला वाटलं, पोरगं काहीतरी बडबडतंय.

वाढवलेल्या सुट्टीत मला कामच उरलं नाही. यादीशी जावं तर सकाळी नऊलाच सतरा खुणा. मुलांनी हाका मारणं कमी केलं. आधी आई पाणी, आई शी, आई हा बघ मला चिमटे काढतो, याने डोकं उठायचं. आता पूर्ण दिवसात एकदाही आई हा शब्द ऐकू यायचा नाही. मी उगाच विचारायची, "चिमणे, भूक लागली का गं?" ती म्हणायची, "झालं खाऊन." तोंड पुसलेलं असायचं.

एका दुपारी ती खडीवर पडली. गुडघा फुटला. मी झाडाखालून उठले, हात पसरले. ती रडत माझ्याकडेच येत होती. आणि माझ्या बाजूने पुढे पळत गेली, घरात. स्वयंपाकघराला लागून इस्त्रीची एक लहान खोली होती, तिचं दार लोटल्याचा आवाज आला. रडणं थांबलं. मी हात पसरून उभी होते. नवरा आत असेल, मी म्हटलं. मला त्याचा हेवा वाटला.

चिमणी बाहेर आली तेव्हा गुडघ्यावर पांढरी पट्टी होती, कडा अगदी सरळ.

नवरा अर्ध्या तासाने गवतातून परत आला.

मी तेव्हाही नियम पाळला. दोन दिवसांनी तोच बोलला. चिमणी दुपारी झोपून उठली होती, तिच्या केसांची चार पेडांची वेणी घातलेली होती, बारीक, घट्ट. नवरा ती वेणी हातात धरून बघत होता. त्याचे डोळे भरले होते.

"नियम मोडतोय," तो म्हणाला, "पण सांगू दे. किती सुंदर वेणी घालतेस तू आजकाल. माझी बटणं, ते मोज्यांचे जोड, सगळंच. मला वाटलं होतं, आपलं संपलं. तुझ्यामुळे वाचलं."

मला तीन पेडांची येते. चार पेडांची येत नाही.

"अरे, मला वाटलं तू," मी म्हणाले.

"मला वेणी येते का?"

"चहा?"

"कुठला चहा?"

चिमणी आमच्याकडे न बघता त्याच्या हातातून वेणी सोडवून घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी रक्तपेढीतल्या पद्धतीने केलं. नवी कोरी यादी लावली. मुलं दुपारी झोपली, तशी दारं-खिडक्या बंद करून कुलूप लावलं आणि अंगणात टेबलाशी समोरासमोर बसलो. किल्ली मध्ये. चार हात टेबलावर, दोघांना दिसतील असे. लख्ख ऊन होतं. वीस मिनिटं आम्ही एकमेकांचे हात बघत बसलो. वर्षभरात आम्ही इतका वेळ एकमेकांकडे बघितलं नव्हतं.

मग कुलूप काढलं.

सतरा खुणा.

मुलं पलंगावर होती. केस ओले, भांग पाडलेले. अंगाला साबणाचा वास.

मी मास्तरला हलवून उठवलं. "बाळा, ती कोण रे?"

"कोण?"

"तुमचं सगळं करते ती."

त्याने माझ्याकडे बघितलं, वर्गातल्या ढ मुलाकडे बघतात तसं. "मला काय विचारतेस? तुम्हीच तर तिला रोज लिहून देता."

तासाभरात आम्ही निघालो. यादी मी फाडून चुलीत टाकली, पेन्सिल खणात ठेवून खण बंद केला. निघायच्या कामांची यादी केली नाही. नवरा बॅगा लावत होता, मी कुलूप लावत होते. भाड्याच्या गाडीत बसून मागे वळले तर मुलं आपापल्या जागी होती. पट्टे लावलेले. चिमणीच्या स्वेटरचं वरचं, तिला कधीच न जमणारं बटणही लावलेलं.

"पट्टे तू लावलेस?" त्याने विचारलं.

"नाही."

"मीपण नाही."

त्याने गाडी काढली. मागच्या काचेतून दोघं मुलं घराकडे बघून हात हलवत होती, वळण येईपर्यंत.

याला आता पाच महिने झाले. आम्ही वेगळे झालो नाही. उलट घरात सगळं मोठ्याने सांगतो. "दूध तापवलं, मी." "गीझर बंद केला, मी." नणंद म्हणते, तुम्ही दोघं रेल्वेची घोषणा करत हिंडता. आम्ही हसतो. पण तेवढंच बोलतो. रात्री जेवताना तो कधीकधी माझ्याकडे बघतो आणि मला कळतं, तो त्या पाच आठवड्यांतल्या बायकोला शोधतोय. मीही तिथल्या नवऱ्याला शोधत असते. आम्ही ज्याला जीव लावला ते माणूस आमच्यापैकी कोणीच नव्हतं.

परवा चिमणी जिन्यात पडली. रडत आत आली, आधी स्वयंपाकघरात डोकावली, मग इस्त्रीच्या टेबलामागे. तिथे कोणी नाही म्हटल्यावर माझ्याकडे आली आणि गुडघा पुढे केला. मी पट्टी लावली. ती वाकडी बसली. तिने ती नखाने सरळ करून पाहिली आणि निघून गेली. मी फरशीवरच बसून राहिले. त्या गवतात बसूनही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

आज रविवार. दुपारी नवरा मुलांना घेऊन खाली बागेत गेला. जाताना दारातून म्हणाला, "पाण्याची बाटली घेतली, मी." मी चहा करायला उठले, तर फ्रिजवर कागद.

अक्षर त्याचं, तपासणीच्या फॉर्मवर असतं तसं ठसठशीत. चिमणीची वेणी. मास्तरची नखं. शर्टाची बटणं. आणि सगळ्यात खाली: हिच्यासाठी चहा, साखर अर्धा चमचा.

शेजारी दोरीला पेन्सिल होती. मुलांच्या दप्तरातली, बोथट. एकाही ओळीपुढे अजून खूण नव्हती.

मी हात वर केला, कागद ओढून काढायला. मग शेवटची ओळ परत वाचली. गॅस बंद केला. खुर्ची ओढली आणि फ्रिजकडे पाठ करून बसले.

मागून लाकूड सोलल्याचा बारीक आवाज यायला लागला, तेव्हा मी फक्त पाय खुर्चीखाली ओढून घेतले, ओट्यापर्यंत जायला वाट मोकळी राहावी म्हणून.