तिसऱ्या गिअरातली घरघर

बसा रे, जवळ बसा. ज्याला भीती वाटते त्याने भिंतीला पाठ लावावी, म्हणजे मागून तरी कोणी येणार नाही. ही गोष्ट मी रचलेली नाही. आचऱ्याच्या तिठ्यावरच्या सत्यवान मेस्त्रीने ती मला स्वतः सांगितली, आणि तेव्हा तो प्यालेला नव्हता. सांगून झाल्यावर प्याला, ती बाब वेगळी.

सन चौसष्ट. कार्तिक वद्य षष्ठी, बुधवार. सत्यवान बायकोला, म्हणजे सुगंधेला, मोटारसायकलवर पाठी बसवून रामगडला निघाला होता. तिची बहीण शेवंती, तिच्या बाळाचं बारसं. पाळण्याला हात लावायचा, जेवायचं, परतायचं, एवढंच काम.

आता ही मोटारसायकल कुठली, ते ऐका. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली विलायती गाडी धोंडू मेस्त्रीने मुंबईहून आणली आणि नवीसारखी केली. धोंडू म्हणजे सुगंधेचा पहिला नवरा. चार दिवसांच्या तापात तो गेला. वर्ष उलटल्यावर सत्यवानाने सुगंधेशी पाट लावला. बायको आली, तसं दुकान आलं, पान्हे आले, गाडीही आली. आणि धोंडूचं नावही आलं. ते मात्र जाईना.

गिऱ्हाईक लॉरी घेऊन यायचं आणि म्हणायचं, "धोंडू मेस्त्री नुसतो कान लावून सांगी हां, खंय दुखता तां." सत्यवान हसायचा. रात्री पडल्या पडल्या दात चावायचा. सुगंधा दर शनिवारी धोंडूचे पान्हे रॉकेलने पुसून ओळीने मांडून ठेवी, तेही त्याला सलायचं. इतकं हळू पुसायचं असतं का लोखंड? आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढून एक चित्र हलत नसे. गाडीवर धोंडू, पाठी सुगंधा, तिचा हात त्याच्या खांद्यावर. तिला सरळ विचारावं, तर उत्तराची भीती.

त्यात गाडी घरघरू लागली.

घरघर गिअरबॉक्समधली. सत्यवानाने पेचकसाचं टोक पेटीला टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली. गाडी जागेवर चालू असताना पेटी शांत. क्लच दाबा, सोडा, तरी शांत, म्हणजे मोठ्या दांड्याचं बेरिंग बरं. रस्त्यावर काढली तर पहिला गिअर गप्प, दुसरा गप्प. चौथ्यात ताकद सरळ चाकाकडे जाते, तोही गप्प. फक्त तिसऱ्यात घरघर, झोपेत कोणी दात खावेत तशी. म्हणजे तिसऱ्याच्या चाकांची जोडी झिजली. सरळ आहे. त्याने पेटी खोलली, जोडी बदलली, बुश बदलले, ताजं तेल भरलं. एकटा चिंदरपर्यंत जाऊन आला. रेशमासारखी चालली.

सुगंधेला पाठी बसवलं. घर्रर्र...

"वजनाचा काम दिसता," तो म्हणाला. त्याने पाठी तांदळाचं पोतं बांधलं. गप्प. गावकर महादू बसला, देवळातल्या नगाऱ्याएवढं पोट घेऊन. गप्प. मग आई, आनंदीबाई, हिला बसवली. तिसऱ्या गिअरात ती एवढी ओरडली की घरघर असती तरी ऐकू आली नसती, म्हणून तिला तोंडात पदर धरायला लावून पुन्हा नेली. गप्प!

महादू गावकर खो खो हसला. "मेल्या, गाडी तुझ्यार जळता!"

सत्यवानाला हसू आलं नाही. गाडी का जळेल? जळत असेल तर तिचा जुना मालक. बायकोवरचा हक्क सोडत नाही तो...

तर त्या रात्री रामगडला बारसं झालं, पानं मांडली. सासरा भाताचा घास घेता घेता सहज म्हणाला, "धोंडू आसतो तर गाडी अशी रडती नाय."

सत्यवान पानावरून उठला. "चल गो."

"अवो, सोलकढी तरी घेवा. सकाळी जावया."

"आत्ताच्या आत्ता!"

शेवंतीने घाईघाईत बहिणीची ओटी भरली आणि दोघं निघाली. चंद्र नुकता वर आला होता, तांबूस. सुगंधा पाठी, ओटीतला नारळ पोटाशी धरून बसलेली. त्रिंबकची चढण लागली तशी गाडीची ताकद कमी पडू लागली, म्हणून सत्यवानाने तिसरा टाकला.

घर्रर्र...

त्याने दुसरा टाकला. तरी घरघर. पहिला. तरीही. आजवर असं झालं नव्हतं. त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं.

घरघर मात्र चालूच. चार श्वास. मग ती थांबली.

"तुका आठवण येता त्याची?" सत्यवानाने न वळता विचारलं. महिनोन्‌महिने दाताखाली धरलेला प्रश्न, तो असा निसटला. "खरां सांग. त्याच्या पाठी बसान गावभर फिरलंस, ती आठवण येता तुका?"

सुगंधा उतरली. ओटीतला नारळ सावरला.

"मी ह्या गाडयेर पहिल्यांदा बसलंय ती तुमच्या पाठी," ती म्हणाली. "त्येणी माका कधी बसवल्यानी नाय. एक दिस नाय. म्हणत, बाईल मानसान गाडयेर बसूचा नाय."

सत्यवान बघतच राहिला. इतके महिने तो ज्या चित्रावर जळत होता, ते चित्र कधी नव्हतंच! त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की त्या अंधारात तो हसला.

"मगे ही घरघर कसली?" त्याने विचारलं. "पाटाच्या वेळेक हक्क सोडूक त्येका नारळ दिलो तो..."

"तो माझ्यासाठी," सुगंधा म्हणाली. "महादू गावकरान व्हाळाच्या कडेक उभा रवान गाराणा घातल्यान, बायलेवरचो हक्क सोड म्हाराजा. बायलेचा नाव घेतल्यान. गाडयेचा घेतल्यान?"

नव्हतं घेतलं. पाट लागताना मेलेल्या नवऱ्याचा हक्क उतरवतात, तो बायकोवरचा. मोटारसायकलीवरचा हक्क उतरवायची रीत कोणाच्या बापाला माहीत? सगळा गाव तिथेच चुकला होता.

"दी तो नारळ हयसर."

"ओटीचो?"

"दी."

त्याने नारळ पुढच्या चाकाशी ठेवला. टोपी काढली. गाऱ्हाणं घालायची सवय नव्हती, तरी घातलं.

"बा धोंडू मेस्त्री म्हाराजा... तुझी गाडी तुका देतंय. परत मागूचंय नाय. बायल माझी आसा, ती माका ऱ्हवांदे..."

गाऱ्हाण्याला व्हय म्हाराजा म्हणायला तिथे कोणी नव्हतं. सुगंधाच पुटपुटली, "व्हय म्हाराजा."

वारा नाही. रातकिडेही गप्प.

"चल," सत्यवान म्हणाला. दोघं चालू लागली. तिने त्याचा हात धरला. गार हात. वळण आलं. वळण गेलं.

मागे... कीक बसली.

एकदा. दोनदा. इंजिन लागलं.

"बगू नको गो."

"नाय बगणा."

पहिला गिअर. दुसरा. आवाज जवळ येत होता. दोघं कडेच्या कुंपणाला चिकटून उभी राहिली. डोळे मिटलेले. तिसरा गिअर पडला... आणि घरघर नाही. लोण्यातून सुरी जावी इतकी साफ चाल. सत्यवान मेस्त्री शेवटी मेस्त्रीच. त्या भीतीतही त्याच्या मनात आलं, काय बसवलंय गिअर!

गाडी अगदी जवळून गेली. वारा लागला.

आणि त्या वाऱ्यात... बांगड्या वाजल्या.

कोणी बाई हसली. हळू. खांद्यावर हनुवटी टेकून हसतात तशी.

सत्यवानाने डोळे उघडले. लाल दिवा लांब गेला होता. त्याच्या हातातला सुगंधेचा हात मात्र सुटला होता. ती रस्त्याच्या मधोमध उभी, त्या दिव्याकडे बघत.

"सुगंधे..."

दिवा दिसेनासा होईपर्यंत ती हलली नाही.

"घराक चल गो..."

आचरा येईपर्यंत ती पुढे, तो मागे.

उजाडता उजाडता दोघं तिठ्यावर पोचली. मोटारसायकल दुकानासमोर स्टँडवर उभी होती. सत्यवानाने पेटीला हात लावला. कोमट.

पाठच्या सीटवर सुरंगीच्या फुलांचा वळेसर, केसांत माळायचा गजरा, पडला होता. ताजा, पिवळाधमक, दवाने भिजलेला. त्यात लांबसडक केस अडकलेला, एकच, सुगंधेचा नव्हे.

सुगंधेने तो उचलला. धोंडू गेला तेव्हा ती रडली होती, चारचौघींत जेवढं रडावं तेवढं. पाट लागला तेव्हा मान खाली घालून बसली होती. त्या दिवशी तिचा चेहरा कसा झाला, ते सांगताना सत्यवान माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होता.

"कोणाचो रे तू?" तिने त्या वळेसराला विचारलं. "सांग. माका कधी बसवल्यानी नाय, मगे तू कोणाचो?"

सत्यवान दाराशी उभा राहिला. त्याने तिला आत बोलावलं नाही.

वळेसर आठ दिवस सुकला नाही. आणि पोरांनो, सुरंगी फुलते ती फाल्गुनात. तो कार्तिक होता.