या जेवायला

यातलं एक अक्षार खरं धरून दाखव, तुला चा फुकाट पाजती. मग रातीला झोप लागली न्हाय, तर त्ये माज्या नावावर घालू नगंस.

गगनबावड्याच्या अलीकडं तीन तळ्यांचा डोंगर हाय. पायथ्याला माजी चा-भाकरीची टपरी. कोल्हापूरचा धैर्यशील एकटाच डोंगर चढायला आलता. थंडीचं दिस, ऊन कवळं. दुपारपतोर माथा गाठायचा आन दिवं लागायच्या आत घरात, असा बेत. घरात पोराचं उष्टावन हुतं. यशराज त्येचं नाव, एवढंसं पोर, पयल्यांदाच अन्न तोंडात जानार. मामानं घास भरवायचा, बापानं म्होरं बसायचं, अशी बायकोची ताकीद.

मी त्येला म्हनलं, "पावणं, वर कुनी दिसलं तर जेवायला या म्हनू नगासा. म्हनलासाच तर उपाशी धाडू नगासा. त्ये मग घरापतोर जेवायला येतंय."

त्यो हसला. "आक्का, चात काय घातलंया?"

"भ्या घातलंय. त्येचं येगळं पैसं न्हाईत."

पयल्या तळ्याला त्येनं भाकरी सोडली. झुणका, खरडा, कांदा. पानी काचंगत गप. वारा न्हाय, पाखरू न्हाय. शेवटचा घास तोंडात गेला आन त्येची नजर वर गेली. पल्याडच्या काठाला कोनतरी घोंगडं पांगरून, पाठ करून बसलेलं.

आता तूच सांग, आपल्यात मानूस दिसलं आन या म्हनलं न्हाय, असं हुतंय व्हय? तोंडातनं सुटलंच, "या पावणं, जेवायला!"

मग त्येला माजं बोलनं आठवलं. डबा बघितला. मोकळा.

पल्याडच्यानं मान वळवली न्हाय. नुसतं वाकलं आन हात धुयाला लागलं. हातावर हात, सावकाश. जेवायला बसायच्या आधी धुत्यात तसं.

धैर्यशील लगालगा दुसऱ्या तळ्याला गेला. घोंगडं तितं बसलेलं. अल्याडच्या काठाला. वाट एकच हाय, आन वाटंवर त्येला कुनी ओलांडलं न्हवतं. वल्या लोकरीचा वास आला. आन पान्याचं त्ये चळक... चळक...

"कोन हाय...?"

धुनं थांबलं न्हाय.

त्यो तर त्येला ओलांडून आलता; मागं फिरावं तर त्येच्या म्होरनंच जायाला लागनार. म्हनून गडी वरच निघाला. माथ्याच्या बुडाचं तिसरं तळं आटलेलं, तळाला नुसत्या भेगा. तितं कुनी न्हवतं. त्येच्या जिवात जीव आला. माथ्यावर जाऊन टेकला. खाली समदं कोकण दिसत हुतं. आन शेजारच्या तापल्या कातळावर हाताचं दोन वलं पंजं उमटलेलं. उन्हानं वाळंनात.

वाट सोडून पलीकडच्या अंगानं घसरत, खरचटत त्यो माज्या टपरीवर आला. "आक्का, भाकरी द्या. एकच द्या."

"संपल्या की. चा घ्या."

"मला नगं ओ, त्येला..."

मला वाटलं, माजीच मस्करी माज्यावर उलटवतोय. मी हासली. त्यो हासला न्हाय.

घरला गेला त्यो थेट सैपाकघरात. ताट भरलं. भात, खीर, पुऱ्या. उंबऱ्याभायेर मांडलं.

बायको स्नेहल म्हनली, "कुनासाठी ओ?"

"पावन्यासाठी."

"कुटं हाय पावना?"

त्येनं दार लावून घेतलं.

मग पोराला पाटावर बसवलं. मामानं चमचाभर खीर म्होरं केली. पोरानं तोंड उघडलं न्हाय. त्येनं आदी हातावर हात चोळला. सावकाश. फिरवून फिरवून.

"आत्ता! हात धुतोय बगा की!" मामा म्हनला, आन समदी खो खो हसली.

धैर्यशीलनं दार उघडलं. ताट तसंच. मुंगीसुदीक शिवली न्हवती.

ह्ये मला त्येनंच परत येऊन सांगितलं. पोरगं आजूनबी हात चोळल्याबिगार घास घेत न्हाय म्हनं. आन त्येचं हात वलं असत्यात.

ऊठ आता, जा. माजी भाकरीची येळ झाली. तुला जेवायला या म्हनायला मला काय जड हाय रं? पर तुज्या मागं बाकड्यावर कोन बसलंय, त्येला ऐकू जाईल. जा म्हनती न्हवं!