जुनं नाव

गुरुवारी सकाळी नऊ बाराला कुणीतरी रक्तपेढीचं शीतघर बंद केलं. लक्षात येईपर्यंत चारशे पिशव्या रक्त नासलं होतं.

“साडेपाचला मला कामावरून काढायच्या पत्रावर सही होणार,” प्रोग्रामर मुलगी म्हणाली. “सही माझ्या सख्ख्या मामाची. तेच इथले मुख्य.”

गुप्तहेर बाईंनी घड्याळ पाहिलं. पाच वाजत आले होते. सोबत त्यांचे दीर होते, निवृत्त मास्तर, कॉम्प्युटरपासून चार हात लांब राहणारे.

पडद्यावर नोंद होती: ‘९.१२. शीतबंद चाललं. यंत्र थांबलं.’

“शीतबंद हे माझं फंक्शन, म्हणजे प्रोग्राममधला एका कामाचा तुकडा. म्हणून आळ माझ्यावर. पण सोमवारीच मी त्याचं नाव बदलून शीतविराम केलंय.”

“नोंदीत बदलायचं राहिलं असेल,” भावजी म्हणाले.

“तिथे नाव हाताने लिहीतच नाही आम्ही. चालू असलेलं फंक्शन स्वतःलाच नाव विचारतं आणि तेच नोंदवतं.”

भावजींनी डोकं खाजवलं. बाई मात्र ती नोंद पुन्हा वाचू लागल्या.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी घाबरलेला होता. “शीतघर तीनच कॉम्प्युटरवरून चालतं: हिच्या, माझ्या आणि हिच्या मामांच्या. मी सोमवारीच हिच्या प्रोग्रामची नवी प्रत माझ्या कॉम्प्युटरवर घेतली. ही बघा माझ्या मंगळवारच्या चाचणीची नोंद, यंत्र न जोडता घेतलेली.” तिथे ‘शीतविराम’ होतं.

मामा पत्र पुढ्यात घेऊन बसले होते. “आठ दिवस बाहेरगावी होतो. गुरुवारी पावणेनऊला आलो तो थेट खुर्चीत. माझ्या कॉम्प्युटरला दुसरं कुणी हात लावत नाही.”

“आल्यावर नवी प्रत घेतलीत?”

“दुपारी घेतली. का?”

बाईंनी तिघांना समोर बसवलं.

“वहिनी, मला काही उमगलं नाही,” भावजी कुजबुजले.

“सोपं आहे, भावजी. फंक्शन स्वतःचं नाव खोटं सांगत नाही. नऊ बाराला ते शीतबंद म्हणालं, म्हणजे जुनी प्रत चालली. हिने बदल स्वतःच्याच कॉम्प्युटरवर केला. याच्याकडे मंगळवारी नवी होती. गुरुवारी सकाळी जुनी प्रत एकाच ठिकाणी उरली होती. आठ दिवस बंद असलेल्या कॉम्प्युटरवर.”

मामांचा चेहरा उतरला. “नुसती चाचणी घ्यायची होती. खरं यंत्र जोडलेलं आहे हे विसरलो. निवृत्तीला चार महिने राहिलेत गं.”

मुलीचे डोळे भरून आले. तिला रागही आला होता.

“‘नाव हाताने लिहू नकोस, फंक्शनलाच विचार.’ हे पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत, मामा.”

 मामांनी पत्र ओढलं, तिचं नाव खोडलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं.