बिनशिट्टीचा कुकर

खोक्यातून विजेवरचा कुकर काढल्यावर आरोहीनं आधी माहितीपत्रक वाचलं, पहिल्या पानापासून. 'सात रस्ता' चौकाजवळच्या एका पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ती काम करायची आणि उपकरणाला हात लावण्याआधी त्याचा कागद वाचायचा, ही तिथली सवय. पहिल्या वापरात काही शिजवायचं नव्हतं. आतल्या भांड्यात तीन कप पाणी घालायचं, झाकण फिरवून बसवायचं आणि कुकर नुसता पाण्यावर चालवायचा.

डिसेंबरातला रविवार होता. तिचे वडील धोंडीराम अंगावर शाल घेऊन खुर्चीतून बघत होते.

"शिट्टी कुटं हाय ह्याची?"

"याला शिट्टी नसते, आबा. झालं की टीं टीं करतो."

"तसलं बारीक मला ऐकू येत न्हाय. मंग कळायचं कसं?"

आबांची सगळी नोकरी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात झाली. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. घरी बसल्यावर भोंग्याची जागा कुकरनं घेतली. तीन शिट्ट्या झाल्या की त्यांना भूक लागायची. पण दिवाळीच्या आधी गॅसवर भात ठेवून ते झोपले. कोळसा झालेला भात आणि धुरानं भरलेलं घर पाहिल्यापासून आरोही कामाला निघताना रेग्युलेटर बंद करायची आणि डबा भरून ठेवायची. संध्याकाळी डबा तसाच असायचा. गार अन्न त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आणि त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन त्यावरच अडलं होतं. "पंचेचाळीस किलो झाल्याशिवाय टेबलावर घेणार नाही," डॉक्टर म्हणाले होते, "आणि फार थांबूनही चालणार नाही." आबा बेचाळीस पॉइंट एक होते. घरात दुसरं कुणी नव्हतं.

पाणी उकळलं, वाफ गेली, कुकर टीं टीं करून थांबला. सगळं नीट. आरोहीनं 'भात' लिहिलेल्या बटणावर एक लाल टिकली चिकटवली.

"साडेबारा वाजले की ही टिकली दाबायची. तांदूळ-पाणी मी घालून जाईन. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"टिकली लावून सूनच आणलीस म्हन की घरात," आबा म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता ती तीन जिने चढून आली तेव्हा भांडं घासून पालथं घातलेलं होतं.

"जेवलात?"

"जेवलो की. तीन शिट्ट्या झाल्या, उठलो, वाढून घेतलं."

"आबा, याला शिट्टी नाहीये."

"मंग शेजारची असंल. भात शिजला न्हवं? बास."

भिंती पातळ होत्या, शेजारी कुकर होता. पटण्यासारखं होतं. त्यात नळाला पाणी यायचा दिवस. खालून बादल्या आणता आणता तिच्यात विचार करायचं त्राणच राहिलं नाही.

पुढच्या रविवारी काट्यावर आबा बेचाळीस पॉइंट सात भरले. आरोही किती तरी दिवसांनी हसली. सहज स्वतः उभी राहिली. त्रेपन्न पॉइंट सात. मागच्या रविवारी चोपन्न पॉइंट तीन होती. धावपळ, दुसरं काय.

दुसऱ्या आठवड्यात तिला झोप पुरेना. सकाळी उठतानाच संध्याकाळ झाल्यासारखी वाटायची. नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना हात जड व्हायचे. दुपारी जेवणाआधी ती टेबलावर डोकं टेकायची आणि पाच-दहा मिनिटं कुठं जायची, तिला कळायचं नाही.

"आरोही, तू झोपेत शिट्टी मारतीस, माहितेय का?" तिच्याबरोबर काम करणारी नाजनीन एकदा डबा उघडत म्हणाली.

"घोरत असेन."

"घोरणं मला कळत नाही का? आमच्या अब्बांच्या शेजारच्या खोलीत वाढलेय मी. कुकरसारखी शिट्टी, गं. तीन मारल्यास आज. लग्न झालं की तुझा नवरा बिचारा दचकून भात उतरवायला पळणार बघ!"

दोघी हसल्या. हसता हसता आरोहीचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं गेलं. बारा त्रेपन्न.

साडेबाराला टिकली दाबली की भात व्हायला वीस मिनिटं लागायची.

कुकर आणल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी तिनं दोघांची वजनं वहीत एकाखाली एक लिहिली आणि सवयीनं बेरीज केली. शहाण्णव पॉइंट चार. मागच्या रविवारची केली. शहाण्णव पॉइंट चार. त्याच्या मागची. त्याच्याही मागची. काटा चुकू शकतो, हे तिला माहीत होतं. पण चूक दर वेळी इतकी बरोबर येत नाही.

प्रयोगशाळेत शंका आली की ब्लँक चालवतात: नमुना घालायचाच नाही, नुसत्या शुद्ध पाण्यावर सगळी चाचणी करायची. गुरुवारी सकाळी आरोहीनं कुकरमध्ये मोजून तीन कप पाणी घातलं. तांदळाचा एक दाणाही नाही. आबांसाठी भाकरी आणि वरण झाकून ठेवलं.

"आज कुकर उघडून बघा. भात नसला तर ही भाकरी खा."

"बरं," आबा म्हणाले.

संध्याकाळी भाकरी तशीच होती. कुकरचं झाकण बंद होतं. तिनं उघडलं. आत पाणी होतं. मापाच्या कपानं मोजलं तर तीन कप, दोन चमचे कमी.

"काय जेवलात, आबा?"

"भात. आज लई मोकळा झालता."

मोरीत त्यांचं ताट घासून ठेवलेलं होतं. त्याच्या कडेला एक शीत चिकटलं होतं. आरोहीनं ते नखानं काढलं, दिव्याखाली धरलं, बोटांत दाबलं. भाताचं शीत. मऊ.

रविवारी ती घरीच थांबली. पुन्हा नुसतं पाणी घातलं. साडेबाराला आबांनी टिकली दाबली आणि ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. आरोही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली. कुकर दोन हातांवर. मोबाइलवर आवाज नोंदवणं चालू करून तिनं तो छातीशी धरला. झोपायचं नाही, असं ठरवलं होतं आणि ती झोपली नाही.

बारा पन्नासला बाहेरून आबा म्हणाले, "एक."

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"दोन."

कुकरवरचा छोटा दिवा जळत होता. वाफेचा धागासुद्धा नव्हता.

"तीन. झाला बघ भात."

तिनं नोंदलेला आवाज लावला. पंखा नव्हता, रस्ता दूर होता; तिचा श्वास स्पष्ट येत होता. मग शिट्टी. मग आबांचं 'एक'. शिट्टी, 'दोन'. शिट्टी, 'तीन'. शिट्ट्या दोन हातांवरून आलेल्या नव्हत्या. मोबाइलला टेकूनच वाजलेल्या होत्या.

पहिलीपासून तिसरीपर्यंत तिचा श्वास नव्हता.

त्या दिवशी काट्यावर आबा चव्वेचाळीस पॉइंट सात भरले. कुकर परत भरून टाकायला आरोहीनं पलंगाखालून त्याचं खोकं ओढलं. बराच वेळ ते मांडीशी घेऊन बसली.

"तू लई वाळलीस गं पोरी," आबा म्हणाले. त्यांच्या गालांवर थोडं मांस आलं होतं. "माझं एकदा हुंदे. मंग तू बी खात जा."

"खाते की, आबा."

तिनं खोकं परत पलंगाखाली सरकवलं. पंचेचाळीसला तीनशे ग्रॅम कमी होते.

सोमवारी तिनं पुन्हा नुसतं तीन कप पाणी घातलं. मंगळवारीही घातलं.

बुधवारी घालून ती कामावर गेली. पावणेएकला डबा न उघडता टेबलावर डोकं ठेवलं.

"नाजनीन, तीन झाल्या की उठव मला."

नाजनीन हसायला गेली आणि हसली नाही.

तिनं उठवलं तेव्हा तिचा हात आरोहीच्या खांद्यावर घट्ट होता. "चार झाल्या," ती म्हणाली. "तिसरीलाच हलवलं होतं तुला."

संध्याकाळी जिने चढायला आरोहीला प्रत्येक मजल्यावर बसावं लागलं. दार उघडलं तर आबा काट्यावर उभेच होते, शाल काढून ठेवून, ताठ.

"बघ की. किती?"

पंचेचाळीस. पुढं शून्य.

"उद्या डॉक्टरला फोन लाव," आबा म्हणाले. "आन् आज भात उरला बघ. तुला ठेवलाय."

ओट्यावर वाटीत भात होता, वर बशी झाकलेली. दुपारी एकपासून ठेवलेला. कुकरचं भिंतीवरचं बटण बंद होतं, आत पाणी गार. खिडकीतून थंडी येत होती.

आरोहीनं बशी काढली. बोट लावलं.

मग कपाटातून ताप बघायचा थर्मामीटर आणला आणि त्याचं टोक भातात खुपसलं. थोड्या वेळानं तो वाजला. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.

"खा की," दारातून आबा म्हणाले. "निवंल."