समोरच्याची वाक्यं

ऑरिन स्टॅडलरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मेलेला होता. पाइपांतून पाडलेला पाऊस, प्लायवूडची गल्ली, आणि डबक्यात उताणा पडलेला हा उंच माणूस. मी छत्री सावरत वाकून त्याच्या टायची गाठ बघत होते, तेवढ्यात प्रेत ओठ न हलवता म्हणालं, "शर्टाचं दुसरं बटण मघाशी उघडं होतं."

मी वही पाहिली. उघडंच होतं.

"मेलेल्यांनी बोलायचं नसतं," मी म्हटलं.

"चौदाव्यांदा मरतोय हो. मधेमधे कंटाळा येतो."

त्याने एक डोळा किंचित उघडला... करडा होता. ते मात्र मी वहीत लिहिलं नाही.

बरबँकच्या त्या स्टुडिओत मी कंटिन्युइटी सांभाळायचे. एकच प्रसंग आम्ही चार बाजूंनी तुकड्यातुकड्यांत घेतो. पेला कुठल्या हातात होता, सिगारेट किती जळली होती हे जुळलं नाही तर खापर माझ्या डोक्यावर. शिवाय आणखी एक काम होतं, जे कुठल्याच करारात नव्हतं. आमच्या गुप्तहेर मालिकेचा नायक डर्क हॅलोरन स्वतःचा क्लोज-अप उरकला की टेनिस खेळायला पळायचा. समोरच्या नटाचा क्लोज-अप घ्यायचा राहिलेला असायचा. मग डर्कच्या जागी, कॅमेऱ्याला खेटून, स्टुलावर मला बसवायचे. मी डर्कची वाक्यं वाचायची, आणि तो बिचारा माझ्याकडे बघून रडायचा, धमकावायचा, जिवाची भीक मागायचा.

ऑरिन सहा वर्षांत एकतीस वेळा माझ्या डोळ्यांत बघून गेला. हॉटेलचा कारकून, न्यायाधीश, विष विकणारा औषधवाला. शेवटच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव दीड सेकंद टिकायचं, तेही साबणाच्या जाहिरातीच्या घोषणेखाली. आणि याला त्याचं काहीच नाही.

समोरच्या डायनरमध्ये वाढणारी बाई एकदा त्याला म्हणाली, "तुम्ही आमच्या चर्चमधले ना?"

"हो. मागच्या बाकावर असतो," हा शांतपणे म्हणाला.

ती गेल्यावर मी भडकले. "सांगत का नाही, की दर मंगळवारी तुझ्या घरात टीव्हीवर येऊन मरतो तोच मी म्हणून?"

"ओळखीचं माणूस भेटलं म्हणून तिला बरं वाटलं, मिस ब्रँट. वर मला अ‍ॅपल-पायचा मोठा तुकडा मिळाला."

"तुमच्या जागी मी असते ना—"

"तर डर्कला पहिल्याच भागात मारलं असतंत. म्हणून तर तुम्हाला पिस्तूल देत नाहीत, पेन्सिल देतात."

हसायला आलं, पण मी हसले नाही. सगळ्यांनीच हसून सोडून दिलं म्हणून तर त्याचं असं झालं होतं.

मग त्या ऑक्टोबरात त्याला न मरणारी भूमिका मिळाली. म्हातारा घड्याळजी, शेजारणीचा गुन्हा वीस वर्षं पोटात ठेवणारा. दीड पानाचं भाषण होतं. त्याने ते इतकं मनावर घेतलं होतं की तालमीत सेट रंगवणारे ब्रश खाली ठेवून ऐकत होते.

शूटिंगच्या दिवशी चार वाजता आमचा दिग्दर्शक मरे घड्याळ बघत म्हणाला, "भाषण डर्कच्या चेहऱ्यावरच ऐकवू. ऑरिनचा क्लोज-अप नको. सहाला आवरायचंय."

"हरकत नाही," ऑरिन म्हणाला.

हरकत नाही म्हणे. माझ्या अंगाची लाही झाली. पण त्याच्या हातातला चष्मा बघितला... काडी वाकली होती.

डर्कचा क्लोज-अप सुरू झाला. आधीच्या लांबच्या शॉटमध्ये त्याने टोपी डाव्या हाताने छातीशी धरली होती. आता घाईत ती उजव्या हातात होती. माझं काम एवढंच, की "थांबा" म्हणायचं. अकरा वर्षं मी तेच म्हणत आले होते.

मी गप्प बसले.

डर्कची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मी वही चाळली. "मरे, टोपीचा हात चुकलाय."

"हे आत्ता सांगतेस?"

"आत्ता लक्षात आलं."

"म्हणजे लांबच्या शॉटमधून क्लोज-अपमध्ये थेट जाता येणार नाही? मग मधे दाखवू काय?"

"ऑरिनला," मी म्हटलं. "दुसरं आहे काय आपल्याकडे?"

मरेने पुन्हा घड्याळ पाहिलं. मग दिवे फिरवायला सांगितले.

मी स्टुलावर बसले. डर्कचं वाक्य वाचलं, "आणि तिला तुम्ही हे कधी बोलून दाखवलं नाहीत?" ऑरिनने मान वर केली. आवाज चढवला नाही, हात हलवला नाही. फक्त बोलत गेला... मी टीप लिहिली, 'उजव्या डोळ्यात पाणी, "खिडकी" या शब्दावर.' अक्षर वेडंवाकडं आलं. मरे 'कट' म्हणायलाच विसरला.

साडेपाचला गाड्यांच्या आवारात वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता. ऑरिन माझ्या गाडीला टेकून उभा होता.

"टोपी तुम्ही आधीच पाहिली होतीत."

"बरं मग?"

"नोकरी गेली असती तुमची."

"तुमचा क्लोज-अप गेला असता. नोकऱ्या काय, मिळतात."

तो बुटांकडे बघत राहिला. "पलीकडच्या विनोदी मालिकेत शेजाऱ्याची भूमिका देतायत. दर आठवड्याला. सुरुवातीलाच नाव. आज सहापर्यंत कळवायचंय... नाही म्हणणार आहे."

"काय?"

"तिथे प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे एकदम चालतात. समोरचा नट समोरच असतो." त्याने घसा साफ केला. "वाक्यं वाचायला कोणी लागत नाही."

समजायला मला एक क्षण लागला. मग मात्र असा संताप आला की कानांच्या पाळ्या तापल्या. डर्कचा आला नव्हता, मरेचा आला नव्हता, इतका.

"सहा वर्षं, ऑरिन! सहा वर्षं तुम्ही माझ्यासमोर मरत राहिलात, आणि एकदा जेवायला विचारता आलं नाही?"

"लिहून दिलेलंच बोलायची सवय आहे मला," तो अगदी हळू म्हणाला. "हे कोणी लिहून दिलं नाही."

मी वहीचं पान फाडलं, गाडीच्या टपावर ठेवून दोन ओळी खरडल्या आणि त्याच्या हातात कोंबल्या. "वाचा."

त्याने वाकडा चष्मा लावला. "'मी ती भूमिका घेतोय. सात वाजता न्यायला येईन, तयार राहा.'" तो थांबला. कपाळाला आठी पडली. तालमीत पडायची तशी. "पहिलं ठीक आहे. दुसरं फार हुकमी वाटतं. मला शोभत नाही."

"मग तुम्ही कसं म्हणाल?"

"'येशील का, कॉरा?'"

पहिल्यांदाच माझं नाव घेतलं होतं त्याने. वारा होता म्हणून बरं, डोळे पुसायला निमित्त मिळालं.

"येईन," मी म्हटलं. "पण आधी फोन."

कोपऱ्यावरच्या फोनच्या खोक्यात तो शिरला. मी दार पायाने अडवून तिथेच उभी राहिले, तो पलीकडच्या माणसाला स्पष्ट 'हो' म्हणेपर्यंत.